‘बाहेर’ म्हणजे

११ नोव्हेंबर
गोंडपिपरीजवळचं गाव. लकवा मारलेल्या म्हाताऱ्यांची उदासी मोजायचं काम — आज वारलू आबा. उन्हाळ्यापासून उजवी बाजू गेलेली. छापील यादीतले प्रश्न ओट्यावरच विचारले, भोवती शेजारीपाजारी. आबा मजेत होते. ‘आयुष्य रिकामं वाटतं का?’ तर म्हणे, ‘रिकामाच आहो बाई, काम कोन देते मले!’ सगळे हसले. मीही.

मग विचारलं, ‘बाहेर जाण्यापेक्षा घरातच राहावंसं वाटतं का?’ हसणं थांबलं. मुलगा दसरू म्हणाला, ‘सांग ना बाबा, बाईले!’ कोणीतरी फिसकन हसलं. आबांची मान खाली. ‘घरातच... काय करू मी?’ मी ‘हो’वर खूण केली. उदासीचं लक्षण!

१५ नोव्हेंबर
आबांची ती मान डोळ्यांसमोरून जात नाही. एवढं काय विचारलं मी?

२५ नोव्हेंबर
फेरतपासणी. आबा वाळलेत, ओठ फुटलेत. सून रंभानं मला मागच्या अंगणात नेलं. ‘काऊन विचारलं जी तसं, लोकाईत? मी नेतो ना आबाले बाहेर, रोज! तवापासून पोटभर पानीच पेत नाई. म्हनते, तुले तरास नाई पाह्यजे.’

बाहेर — म्हणजे परसाकडे! माहेर माझं इकडचंच, नागभीडचं. शाळेत असताना मीही ‘बाहेर जाऊन येतो’ असंच म्हणायची. शिकले, आणि छापील मराठी तेवढी उरली. चारचौघांत म्हाताऱ्याला विचारलं — घाण घरातच करता का? आणि त्याच्या लाजेला मी उदासी म्हटलं. लाज मला वाटायला हवी होती.

तशीच ओट्यावर गेले. दसरूसमोर मोठ्यानं म्हणाले, ‘आबा, चूक माझी. पारावर, लोकांत जाऊन बसावंसं वाटतं का, हे विचारायचं होतं.’

आबांनी मान वर केली. ‘मंग तसं म्हनाव ना बाई! मी त समजलो, सरकार हागनदारी मोजून राह्यलं!’

दसरू खो खो हसला. मला हसता येईना.

‘पारावर बसावं वाटते त,’ आबा म्हणाले. ‘नेते कोन?’

आता दसरूची मान खाली.

२८ नोव्हेंबर
रंभाचा फोन. दसरूनं आबांना उचलून पारावर नेलं. ‘पानी मांगून पेले, बाई!’

डोळे भरले. घटकाभर हलकं वाटलं.

मूल, सावली, सिंदेवाही — या तालुक्यांतल्याही ओट्यांवर हाच प्रश्न विचारलाय मी. सगळ्यांसमोर. तिथून कोण फोन करणार?