सूसैचं रक्त

११ फेब्रुवारी
सूसैचा हात फाटला. मोठा मासा वर घेताना गळ तळहातात घुसला. बाकी सगळे दोर ओढण्यात गुंतलेले, म्हणून तो खाली बोटीच्या इंजिनपाशी माझ्याकडे आला. "राहू दे लूर्दु, मी बांधतो," म्हणत होता. मी ऐकलं नाही. गळ काढला, जखम दाबून धरली, फडकं बांधलं. रक्त थांबेचना. सकाळी इंजिनचा पट्टा बदलताना माझीही बोटं सोललेली – चुरचुरली.

१२ फेब्रुवारी
चहाच्या वेळी सूसै बोटीच्या तांडेलासमोर उभा राहिला. "बर्नार्ड अण्णा, माझ्या रक्ताला कोणी हात लावू नका. कावीळ आहे. हिपॅटायटिस बी. लग्नाआधी तपासलं तेव्हा कळलं."
रायप्पनने हातातला चहा समुद्रात ओतला. "आणि आमच्या पातेल्यात जेवतोस?"
"काल हात कोणी बांधला?" तांडेलाने विचारलं.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात सूसै म्हणाला, "मीच. दातांनी गाठ मारली."
मी तोंड मिटलं.

१३ फेब्रुवारी
सूसैची चटई बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उघड्यावर. ताट वेगळं. रायप्पन ते काठीने पुढे ढकलतो. मी बघतो.

१४ फेब्रुवारी
तांडेलाने सॅटेलाइट फोनवर गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरना गाठलं. आम्ही सगळे भोवती.
"एकत्र जेवल्याने होत नाही, शेजारी झोपल्याने होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याला कशाला छळता? ब्लेड तेवढं वेगळं ठेवा. पण कोणाच्या उघड्या जखमेत त्याचं रक्त गेलं असेल तर त्या माणसाला लगेच घेऊन या. लस लवकर टोचली तरच उपयोग. गेलंय का कोणाच्या?"
"नाही," तांडेल म्हणाला. आमच्याकडे बघितलंही नाही.
किनारा दूर आहे. बर्फ बक्कळ उरलाय, मासळी निम्मीसुद्धा नाही. आत्ता परतलो तर सगळ्यांची फेरी माझ्यामुळे बुडणार.
सिस्टरनी सांगूनही सूसै अजून नाळेवरच.

१५ फेब्रुवारी
चहूकडे पाणी. उतरणार कुठे?

१६ फेब्रुवारी
बायकोला, जेनिटला, सातवा महिना लागलाय. घरी जाऊन तिला जवळ घ्यायचं की नाही, हे कोणाला विचारू? हात साबणाने इतके घासले की बोटं पुन्हा उघडी पडली.
आज सूसैचं ताट मी नेलं. हातात दिलं.
"सांग त्यांना," तो म्हणाला.
"सांगितलं तर माझीही चटई इथेच येईल."
"येऊ दे. वारा छान असतो." हसला. मग गंभीर झाला. "तुझ्यासाठी खोटं बोललो, चुकलंच माझं. मला वाटलं, चार शिव्या वाचतील तुझ्या. लसीचं ठाऊक नव्हतं रे. मी सांगू का?"
"नको."
उठून आलो. अजून बोललो नाही.

१७ फेब्रुवारी
सकाळी सांगून टाकलं. रायप्पन सरकून बसला.  तांडेलाने स्वतःचे तळवे उघडून दाखवले – दोराने चिरलेले. "डेकवर सांडलेलं रक्त मी ह्याच हातांनी धुतलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही." उठला आणि बोट किनाऱ्याकडे वळवली.