गारगोटीची अंगठी

पाथरी,
६ जानेवारी २०२५

चि. मंजुषा हिस अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि शेवटी मनाचेच करतेस, म्हणून मी कागदावर अडून बसते. कागद पुढ्यात ठेवून जाब तरी विचारता येतो.

तर साखरपुड्याला सिद्धोधन तुला स्फटिकाची अंगठी घालणार. शब्द गोंडस आहे. एकतीस वर्षे मी विज्ञान शिकवले, त्या वस्तूला मराठीत गारगोटी म्हणतात. ती बांधावर पडलेली असते आणि लेकरे तिच्या ठिणग्या पाडतात. हिऱ्याचे काठिण्य दहा, गारगोटीचे सात. नुसत्या धुळीनेही तिच्यावर ओरखडे येतात. मुलगा माझ्याच शाळेतला म्हणे. मला आठवत नाही, म्हणजे हुशारही नसणार आणि वांडही.

हे मी हौसेने बोलत नाही. तुझ्या आईला लग्नात अंगठी घातली ती आमच्याच घराने, हिऱ्याची म्हणून. पुढे ती सैल झाली तेव्हा सोनाराने सांगितले की काच आहे. बबिता कुणाला काही बोलली नाही. शेवटच्या आजारात मात्र माझा हात धरून तिने एवढेच मागितले, की माझ्या लेकीच्या बोटात खरा असू दे. मी हो म्हटले. शब्द माझा आहे.

अंगठी बदलली तर २ फेब्रुवारीला मी येईन. नाहीतर नाही. भाऊ गेल्यापासून तुझ्या बाजूने उभी राहणारी मी एकटीच आहे, हे तू जाणतेस.

तब्येतीला जप. लोभ तसाच आहे, आणि तो कमी होत नाही याचाच मला राग येतो.

तुझी आत्या,
सत्यशीला

•

गंगाखेड,
१२ जानेवारी २०२५

ती. आत्यास सादर जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमची ‘वांड’वाली ओळ वाचून हसले. आईच्या अंगठीचं मला ठाऊक नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं ते एकट्यानं बाळगलंत.

आम्ही दुकानं पाहिली नाहीत असं नाही. खाणीतला हिरा घेतला असता तर सिद्धोधनच्या बहिणीचं, निकिताचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष अडलं असतं. तशी अंगठी माझ्या बोटात बसली नसती. कारखान्यात तयार केलेला हिराही पाहिला. सराफ म्हणाला, स्वस्त आहे आणि कुणाला फरक कळणार नाही. चांगला होता. पण तो परत परत तेच म्हणायला लागला, कुणाला कळणार नाही, कळणार नाही. माझं मन उडालं.

बाहेर आलो तर सिद्धोधननं खिशातून पत्र्याची डबी काढली. आत हा खडा. स्फटिक हा शब्द माझा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलेला. तो सरळ म्हणाला, गारगोटी हाय, शाळेत असताना विहिरीच्या मुरमात सापडली, तुला चालत असेल तर पैलू पाडून घेतो. मीच हो म्हटलं. नेसायची साडीही ठरली, जांभळी. तुम्ही म्हणाल, वांग्यासारखी दिसशील.

बाकीचं तो स्वतः लिहिणार आहे. भूजल खात्याच्या नोकरीत जीपमधून जिल्हाभर हिंडतो, पण बाईंचं नाव काढलं की अजून उठून उभा राहतो.

रागवा, पण या. तुम्ही नसलात तर माझ्या बाजूची खुर्ची मी रिकामीच ठेवीन.

तुमची,
मंजुषा

•

परभणी,
१४ जानेवारी २०२५

आदरणीय बाईंना सविनय जयभीम.

मी आठवी ब मधला सिद्धोधन. वाड्यामागची विहीर खणताना सापडलेला खडा मी हिरा समजून वर्गात आणला होता. तुम्ही म्हणालात, ही गारगोटी आहे आणि आणणाराही गारगोटीच. त्या दिवसापासून दहावीपर्यंत शाळा मला त्याच नावानं हाक मारत होती.

पण त्याच तासाला तुम्ही तुमचं भिंग माझ्या बाकावर ठेवलंत आणि कडा मोजायला सांगितल्या. सहा निघाल्या. दगडाला कुणी न घडवता अशा कडा कशा येतात, या एका प्रश्नानं मला आजच्या नोकरीपर्यंत आणलं. त्याचे आभार मानायला मी कधी आलो नाही, कारण भिंग मी परत दिलं नाही. अजून एकदा घरी बघावं म्हणून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिपाई बजरंगमामांना सगळ्यांसमोर चोर म्हणालात. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. उठलो नाही.

भिंग सोबत पाठवतो आहे. अंगठीबद्दल तुम्ही म्हणाल तसं करीन. पण हे लपवून तुमच्या घरचा जावई होणं मला जमलं नसतं.

आपला विद्यार्थी,
सिद्धोधन

•

पाथरी,
२१ जानेवारी २०२५

चि. मंजुषा व चि. सिद्धोधन यांस अ. उ. आ.

भिंग पोचले. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये विज्ञानात पहिली आले तेव्हा सिस्टर बेनेडिक्टांनी ते दिले होते. आधी नीट बघ, मग बोल, असे त्या सांगत. मी भिंग जपले आणि सांगणे विसरले.

सिद्धोधन, तुझा मला राग आला. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. मग लक्षात आले की तू तेरा वर्षांचा होतास आणि मी पन्नाशी ओलांडलेली. काल बजरंगकडे गेले. अठरा वर्षे मी त्या माणसाच्या हातचा चहा घेतला नव्हता. दारातच सगळे सांगितले. त्याने आत नेऊन खुर्ची दिली. मग बायकोला, चतुराबाईला, म्हणाला, बाईसाहेबांना लय दिवसांनी चहा पाजायलोय, साखर नीट टाक. मी बशीत ओतून प्याले. तुझ्या पत्राशिवाय हे माझ्या हातून झाले नसते. त्याबद्दल तुझे आभार मानते. मला सवय नाही, तेव्हा एकदाच वाचून घे.

मंजुषा, तुझ्या आईचे शब्द मी पुन्हा आठवून पाहिले. काचेचे तिला दुःख नव्हते. तिला हिरा म्हणून काच दिली, याचे होते. खरा असू दे म्हणाली होती, ‘हिरा’ हा शब्द माझ्याच कानांनी जोडला. गारगोटीला गारगोटी म्हणून देणारा माणूस तुला मिळाला. अंगठी बदलू नका. माझा शब्द पाळला गेला.

२ तारखेला सकाळच्या जीपने येते. बजरंग आणि चतुराबाई सोबत आहेत, त्यांना पुढच्या रांगेत बसवायचे. साडी जांभळीच नेस, वांगे मला आवडते.

भिंग मात्र माझ्याकडे राहील. सात काठिण्याच्या खड्यावर ओरखडे येणारच. दर बुद्धपौर्णिमेला दोघांनी अंगठी घेऊन तपासणीला पाथरीला यायचे. मी आधी नीट बघेन, मग बोलेन.

तुमची,
सत्यशीला आत्या