कोपऱ्यातला अंगठा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे सगळे ठीक, म्हणजे मी आणि माझा खोकला. (ही गेल्यापासून तीन वर्षं घरात आवाज करणारा तोच.)

तुला काडी आठवतो ना? माझा विद्यार्थी, फुंकर मारली तर उडेल असा. त्याचा आता चांगला ओंडका झालाय आणि मोठा चित्रकारही. पण त्याच्या खोलीत ना रंगाचा वास, ना कॅनव्हास. काचेच्या पाटीवर पेनाने रेघोट्या ओढतो आणि भिंतभर चित्र उजळतं. खोटं कशाला बोलू, झकास काढतो. एका चित्रात नुसता दरवाजा आहे. आपण जवळ गेलो की तो हळूच लोटला जातो. मी दहा मिनिटं वेड्यासारखा पुढे-मागे करत होतो. मग त्याने मलाही पाटी दिली. पहिल्याच दिवशी मी काम संपल्यावर सवयीने ते पेन टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, खळखळ धुतलं, फडक्याला पुसलं. पेन वारलं. काडीने लगेच दुसरं आणून दिलं. (ब्रश धुतला नाही म्हणून मी त्याला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं.)

पुढे त्याच्या डोक्यात आलं की सरांची चित्रं मोठमोठ्या पडद्यांवर लावायची. एकोणीस चित्रं यंत्राने टिपून झाली. आता मूळ चित्रं ठेवून करायचंय काय, असं म्हणून मी शहाण्याने ती सगळी पॉलिशपेपरने घासली आणि वर पांढरा रंग फासला. जुनं कापड पुन्हा वापरायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. तुझ्या वह्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवरच तर मी शिकलो.

प्रदर्शनाला गर्दी बरी होती. पण माझं तळ्याचं चित्र बघतो तर पाणी हलतंय! अगं, ते पाणी शांत करायला मला तीन महिने लागले होते. लोक मात्र वा वा करत होते, म्हणून मीही मान डोलावली. मग सवयीने उजव्या कोपऱ्यात खाली नजर गेली. तिथे काहीच नव्हतं. एकोणीसही पडद्यांवर कोपरा स्वच्छ. चित्र वाळलं का हे बघायला ही तिथे अंगठा टेकवायची. प्रत्येक वेळी रंग ओलाच निघायचा आणि ठसा उमटायचा. तीस वर्षं मी त्यावरून भांडलो, तीस वर्षं ती "अजून ओलं आहे हो" म्हणून पदराला अंगठा पुसत निघून गेली. काडीला विचारलं, तर तो आनंदाने म्हणाला, "सर, तो डाग? सगळ्यांवर होता. एकेक करून मी स्वतः काढला." जुन्या फाइलीही ठेवल्या नाहीत, त्यांच्यावरच नवीन चढवल्या. इतक्या मायेने केलं होतं गं त्याने. मी म्हटलं, छान दिसतंय. घरी येऊन पांढऱ्या कापडांसमोर बसलो. आजही त्यांच्यावर काही काढवत नाही.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. घराला रंग काढलाय असं तू फोनवर म्हणालीस. तुझ्या दिवाणखान्यातलं रिकाम्या खुर्चीचं चित्र मीच दिलेलं आहे. त्याच्या कोपऱ्यातला खड्डा रंगारी लांबी भरून बुजवून देतो म्हणतोय ना? त्याला हात लावू देऊ नकोस. आता तेवढाच उरलाय.

ता. क. २. रंगारी झपाट्याने काम करतो असंही तू म्हणाली होतीस. बुजवून झालं असेल तर मला खरं कळवू नकोस. 'आहे' एवढंच लिही. मी बघायला येणार नाही.