ट्रक नाकासमोर चालतोय

अहो,

मी धडधाकट आहे, आधी तेवढं वाचा.

बर्फावरून घसरलेला आपला ट्रक तुम्ही भंगारात द्यायला निघाला होतात. तो दुरुस्त झाला!

मेकॅनिक म्हणाला, "झाला बाई, न्या." चालवला तर डावीकडे ओढतोय. तो म्हणे, "रस्त्यालाच उतार आहे." मग त्याला शेजारी बसवलं आणि मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून दिलं. "बाई, धरा, धरा!" म्हटलं, "मला काय सांगतोस? उताराला सांग!" गपगुमान परत येऊन त्याने पुढचा एक्सल खोलला. वाकलेलाच होता. बदलायला लावला.

आता हात सोडले तरी ट्रक नाकासमोर जातो. घसरताना आपटलेला खांदा जरा ठणकतो, पण गिअर पडतो. तुमची कंबर कशी आहे? पोरगी वेळेवर जेवते ना?

उद्या माल भरून निघतेय. बर्फ दिसला की हळू घेईन. विकायचं नाव काढू नका.

तुमचीच,
ड्रायव्हरीण