एकविसाव्या खोलीतली छत्री

प्रिय डिंके,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून उरलाय का, ठाऊक नाही. नसेल तर पत्र इथेच घडी करून ठेव. पण तू ठेवणार नाहीस. हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, चिकटून बसायचं, म्हणून तर मी तुला डिंक म्हणायला लागलो. तुझ्या बाबांचं बाइंडिंगचं दुकान आहे म्हणून ते नाव पडलं असं सगळ्यांना वाटायचं, ते नंतरचं. अर्धवट सोडणारा मी. आई परवाच म्हणाली की तू चहाचा कप पण शेवटचा घोट ठेवून उठतोस. खाडाखोड पुष्कळ दिसेल, तिकडे कानाडोळा कर. तिचं कारण शेवटी सांगतो.

परवा मंगळवारी तुझे बाबा आमच्या दुकानात आले होते. मी दीड वर्षं इथे आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. काकांच्या हातात तुमचा जुना कॉम्प्युटर, चादरीत गुंडाळलेला, एखाद्या तापकरी माणसाला आणावं तसा. मी काउंटरखाली वाकून पडलेला स्क्रू शोधायचं नाटक केलं. ते वरूनच म्हणाले, ऊठ बाबा, तुझे लाल झालेले कान दिसताहेत मला. मग ओरडतील असं वाटलं, तर नाही. तुला लांबच्या शहरात नोकरी लागली, येत्या रविवारी सकाळी निघतेस, नवा लॅपटॉप घेतलास, हे सगळं त्यांनी अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं. जुन्यातले फोटो काढून द्यायचे आणि बाकीचा डबा भंगारात टाकायचा. मी पावती लिहिली. ती मालकांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली, कारण वस्तूच्या रकान्यात मी 'रविवार' लिहिलं होतं.

झाकण उघडलं तर आतल्या पंख्याला कागदाच्या कातरणांची झालर लागलेली. लाल, निळी, हिशेबाच्या वह्यांच्या कापडाची सुद्धा. आणि त्याबरोबर खळीचा वास आला. दुकानामागची ती खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. दाबयंत्राखाली दडपलेल्या वह्या, खिडकीशी तो कॉम्प्युटर, तुझ्या मांडीवर न वाळलेलं पुस्तक आणि उजव्या हातात माउस. मालक म्हणाले, काय रे, रडतोयस का? मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांत एकदम गेली वाटतं.

फोटो उतरायला लावले आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो दिसला. भिंग धरलेला, गालभर मिशा. आपला मामा. ज्या गुप्तहेरासाठी तू सुट्टीतल्या दुपारी घालवल्यास आणि मी दोन माउस फोडले, तो. मी तो वस्तू शोधायचा खेळ उघडला. डिंके, खेळ म्हातारा झालाय गं. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र मधोमध उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना नुसत्या काळ्या पट्ट्या. तळघरात काळ्या कोळशावर काळा हातमोजा शोधायला लावतात, हा तर शुद्ध अन्याय, तेव्हाही होता आणि आजही आहे. गोष्ट म्हणशील तर यथातथाच. हॉटेलातला घड्याळजी नाहीसा होतो आणि त्यामागे मॅनेजर आहे हे तिसऱ्या खोलीतच कळतं, तरी मामा प्रत्येक खोलीनंतर पाच मिनिटं समजावून सांगतो आणि त्याला गप्प करायचं बटणच नाही. तिजोरीत काटा-चमचा कोण ठेवतं? अंघोळीच्या टबात बुद्धिबळाचा घोडा? आणि एकवीसच्या एकवीस खोल्यांत एक छत्री. तू म्हणायचीस, घड्याळजी राहू दे, या हॉटेलात छत्र्या विसरत फिरणारा माणूस कोण, तो आधी शोधा.

पण चित्रं बघ ना. कुणीतरी बसून हाताने काढलेली. हल्ली दुकानात येणाऱ्या कॉम्प्युटरवर असले खेळ पुष्कळ बघतो. त्यांत वस्तू वरून चिकटवल्यासारख्या असतात, चकचकीत, लगेच दिसतात आणि लगेच विसरतात. आपल्या खेळात कात्री पडद्याच्या चुणीत चुणीसारखीच उभी. प्रत्येक वस्तूला तिची सावली. घाई नाही, वर धावणारे आकडे नाहीत, लांब कुठेतरी एक घड्याळ टिकटिकतं तेवढाच आवाज. तू पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस की यात लपवलेलं काहीच नाही, सगळं समोर आहे, फक्त ज्याच्यावर ठेवलंय त्याच्या रंगाचं. मला मात्र खेळ बदमाश वाटायचा. मी दिसेल तिथे माउस दाबत सुटायचो. पाच चुका झाल्या की मामा खाकरायचा आणि अर्धा मिनिट पडद्यावर धुकं. मी चरफडायचो, टेबलावर मूठ आपटायचो. तू त्या अर्ध्या मिनिटात एका वहीच्या पाठीला खळ लावून मोकळी व्हायचीस. धुकं जाऊ दे, मग बघ, एवढंच म्हणायचीस.

आणि ती एक सवलत होती, तिला गुण म्हणावं की दोष, यावर आपण किती भांडलो. यादीतल्या बारा वस्तूंपैकी अकरा सापडल्या की पुढच्या खोलीचं दार उघडायचं. शेवटचा निकाल मात्र एकही वस्तू कुठे बाकी असेल तर नाही. मी म्हणायचो, ही आळशी माणसांची सोय आहे. तू म्हणायचीस, नाही, ही उशिरा येणाऱ्या माणसांची सोय आहे. मी प्रॅक्टिकल आटपून पाचला यायचो तोवर तू अकरा वस्तू शोधून ठेवलेल्या असायच्या. छत्री तेवढी बाकी. ती माझी. कारण धुकं न पाडता मला तेवढीच सापडायची. मी एकदा माउस दाबायचो आणि सगळा खटला मीच सोडवल्यासारखा छाती काढून बसायचो. आपण नवव्या खोलीपर्यंत आलो होतो.

मग ते झालं. तुला लिहिलेलं माझं पहिलं पत्र मी शुक्रवारी तुझ्या हातात दिलं आणि सोमवारी कँटीनमध्ये माझ्या वर्गातल्या चष्मिषने सगळ्यांदेखत त्यातलं वाक्य म्हणून दाखवलं. तुझ्या बोटांच्या खळीचा वास मला दिवसभर पुरतो, ते. टेबलंच्या टेबलं हसली. मला दुसरं काही दिसलंच नाही. ट्रे भिरकावला, काउंटरची काच गेली, चष्मिषची कॉलर माझ्या हातात आली. प्राचार्यांनी माफीपत्र लिहून दे, विषय संपला, असं म्हटलं. मी त्यांनी दिलेला कोरा कागद त्यांच्यासमोर फाडला आणि बाहेर पडलो, तो दोन वर्षं आत गेलो नाही. व्हरांड्यात तू उभी होतीस. तुला काय काय बोललो ते सगळं पुन्हा लिहीत नाही, तुला ते पाठ असणार. म्हटलं, पत्र तूच त्याला दाखवलंस, हसायला. तुमच्या घराची पायरी चढणार नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच वाक्य बोललीस.

"तू शोधलंस कुठे? नुसता दाबत सुटलास."

दोन वर्षं मला वाटत होतं, हे गुन्हेगाराचं टाळाटाळीचं उत्तर आहे.

तर मंगळवारी मी खेळ उघडला, नवव्या खोलीत असेल म्हणून. तो एकविसाव्या खोलीत होता. मी मागे जाऊन एकेक खोली पाहिली. दहावी, अकरा वस्तू सापडलेल्या, यादीत उरली होती छत्री. अकरावीत छत्री. बारावीत छत्री. तेरावीत पण. मी उठून पाणी प्यायलो. बाराच्या बारा खोल्यांत तेवढी एकच वस्तू उरलेली, आणि टबातली छत्री तर आंधळ्यालाही सापडेल अशी. खेळ खोलीखाली तारीख दाखवतो. दहावी खोली मी निघून गेलो त्याच महिन्यातली. एकविसावी मागच्या रविवारची. मालकांनी विचारलं, फोटो उतरवतोयस की काढतोयस? दहाव्या खोलीपासून एकेक छत्री घेत गेलो. अकरा छत्र्या. एकदाही धुकं पडलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि प्रथमच शांत डोक्याने विचार केला की पत्र चष्मिषकडे गेलं कसं. समोर असेल, फक्त दुसऱ्या कशाच्या रंगाचं असेल. कॉलेजची पिशवी उशालगतच्या बुटक्या कपाटावर होती, रागाने टाकली तेव्हापासून तिला मी हात लावला नव्हता. आईने ती तीनदा झटकून पुन्हा तिथेच ठेवली होती. तीत भौतिकशास्त्राची प्रयोगवही. ती मी शनिवारी चष्मिषला आकडे उतरवायला दिली होती, मीच, स्वतःच्या हाताने, आणि सोमवारी सकाळी त्याने परत केली तशी न उघडता पिशवीत कोंबली होती. मागची पानं उघडली. तुला दिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा, एकदा नव्हे, तीनदा लिहिलेला. बोटांच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ. आणि शेवटी चष्मिषच्या किरट्या अक्षरात शेरा, तिसरा बरा जमलाय. दोन वर्षं माझ्या डोक्यापासून हातभर वर तो कागद होता आणि मी खाली झोपत होतो.

आज सकाळी कॉलेजात गेलो. प्राचार्य तेच आहेत, नुसते केस पिकलेत. त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी माफीपत्र लिहिलं. जूनपासून दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसतो, सकाळचे वर्ग, दुपारनंतर दुकान. चष्मिषलाही शोधलं, तो आता औषधांच्या दुकानात असतो. मी आत शिरताच बिचारा काउंटरमागे सरकला. म्हटलं, भिऊ नकोस, सांगायला आलोय, तिसराच बरा होता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काका पावती खिशात घालताना एक बोलले होते, ते मी मघाशी लिहिलं नाही. ते म्हणाले, आमच्या गल्लीपासून इथवर अशी दोन दुकानं लागतात, पण तिने हेच सांगितलं, तिथेच न्या. हे मला तेव्हा ऐकू आलं आणि कळलं मात्र अकराव्या छत्रीनंतर. म्हणून माफी मागायला लिहितोय. तू दाखवलं नव्हतंस. मी तुला न विचारता दोषी ठरवलं, आणि तू त्यानंतरही बारा खोल्या माझी वस्तू माझ्यासाठी ठेवत गेलीस. या पत्राचा खर्डा केलेला नाही, म्हणून ही खाडाखोड. लपवून कीबोर्डखाली चिकटवणार होतो, तेही नको. उघड्या पाकिटात घालून उद्या, शुक्रवारी, काकांच्या हातात देणार, त्यांनी वाचलं तरी चालेल. डबा मी भंगारात दिलेला नाही. त्याची डिस्क कुरकुरते, अजून चार-सहा वेळा चालू होईल, फार तर. एकविसाव्या खोलीत छत्री दाराशेजारच्या खांबाला टेकून उभी आहे, आत गेल्या गेल्या दिसली मला. मी ती दाबली नाही. ती दाबली की निकाल लागतो, आणि निकाल एकट्याने बघायचा नाही असं ठरलं होतं आपलं. शनिवारी दुकान सातपर्यंत उघडं असतं. पावतीवर सही घेणाऱ्याची लागते, काकांना पाठवू नकोस. तू येऊन मामाचं भाषण संपेपर्यंत थांबलीस तरी पुरे, मग हवं तर रविवारी जा. नाही आलीस तर मी छत्री तिथेच राहू देईन आणि तुझ्यावर एका शब्दाने रागावणार नाही. हे वाक्य खोडलेलं नाही, बघ.

तुझाच, धुकं जायची वाट बघणारा,
भडकू