कुंपणावरच्या दोन वेली

डोंबिवली, भाद्रपद शु. ५, शके १८७५
ऋषिपंचमी. आज सासूबाईंना बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. दर वर्षी कोपरची जानकीबाई नांगर न लागलेल्या जमिनीतल्या भाज्या नि कंद आणून देते. यंदा दहा वाजले तरी पत्ता नाही. ह्यांचं सुरू, मग आज आईने उपाशी राहायचं का? मी साताऱ्याकडची, मला इकडचं काही कळत नाही असं या घरात आधीच ठरलेलं. म्हटलं, कुंपणावर करांद्याची वेल आहे, गेल्या वर्षी जानकीबाईनेच दाखवली होती. खुरपं घेतलं नि खणलं. चार कंद निघाले. तीन गोल, एक वाकडा, थेट नांगराच्या आकाराचा. आजच्या दिवशी नांगर! मला हसू आलं.
चारही कंदांची भाजी केली. नैवेद्याआधी चाखायची नाही म्हणून चाखली नाही. आई म्हणाल्या, जरा कडसर आहे. करांदा कडूच असतो, मी म्हटलं. त्यांनी सगळी संपवली. फार बरं वाटलं.

शु. ६
पहाटेपासून आईंना वांत्या, जुलाब. डॉ. म्हणाले, उपासाचं बाधलं असेल. औषधाची बाटली दिली. मी कंदाचं बोलले नाही.
दुपारी जानकीबाई आली. पायात काटा मोडून तीन दिवस घरी पडून होती. कुंपणापाशी उकरलेली माती बघून थांबली. करांद्यात दुसरी एक वेल गुंतलेली आहे, मी कधी नीट पाहिलीच नव्हती. जानकीबाई म्हणाली, "बाय, या येलाला आमची गुरा पन तोंड लावीत नाय."
मग मी खणला तो वाकडा कंद कुठल्या वेलीचा? दोन्हींची मुळं एकाच जागी. सालं खतखड्ड्यात गेली, वर शेण पडलं. मला भीती वाटते आहे. एवढंच लिहिता येतं.

शु. ७
आई डोळा उघडत नाहीत. पेज ठरत नाही. जानकीबाईला त्यांच्याजवळ बसवलं आणि बहिणीकडून काढा आणते सांगून ठाण्याला गेले. पिशवीत दोन्ही वेलींची पानं, वर्तमानपत्रात घालून.
बहिणीच्या वरच्या मजल्यावर नेनेमास्तर राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सगळी खोली वाळवलेल्या पानांनी भरलेली. भिंग लावून इतका वेळ बघत बसले की मला त्यांचा राग आला. एक पान बाजूला ठेवलं, हा करांदा. दुसरं लांबट. त्याचं टोक तारेसारखं वळलेलं, ते स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळून पाहिलं.
"कळलावी. विषारी वेल. फूल आलं असतं तर तुम्हीही हात लावला नसता. कंद कसा होता?"
तीन गोल, एक नांगरासारखा, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला. कळलावीचा कंद असाच असतो म्हणाले, पण करांदाही कधी वाकडा निघतो, न बघता नक्की सांगणार नाही. मग, "कोणी खाल्ला नाही ना?"
"नाही."
का म्हणाले मी असं? अर्ध्या जिन्यातून परत गेले नि खरं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "डॉक्टरांना आज सांगा. उद्या नको."

शु. ७, संध्याकाळ
सांगितलं. डॉ.नी कंपाउंडरला बाहेर पाठवलं. याला उतारा नाही, घोट घोट पाणी पाजत राहा. निभावल्या तर पंधरवड्याने केसांकडे लक्ष ठेवा. मास्तर म्हणतात तोच कंद असेल तर गळतील. घरी कोणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.
आले. हे दारातच उभे. काढा मिळाला का विचारलं. बहिणीकडे नव्हता म्हटलं.

शु. ११
आई उठून बसल्या! दोन वाट्या पेज. हे म्हणाले, तू आईचं फार केलंस. मी आत निघून गेले.
सुटले म्हणावं का? पंधरवडा व्हायचाय.

व. ४
आई म्हणाल्या, हातात जोर नाही, तूच वेणी घाल. कमरेपर्यंत केस, त्यांचा मोठा अभिमान. मी आजवर हात लावला नव्हता. पहिल्या फणीला केस आले. एरवी किती येतात, मला काय माहीत? दुसऱ्या फणीला मूठभर. गुंडाळून कनवटीला खोचले.
"गळतायत का गं?"
"गुंता आहे," मी म्हटलं.
मग मान न वळवता म्हणाल्या, "पंचमीचा तो कंद तुला कोणी ओळखून दिला होता?"
दूध उतू जाईल म्हणत उठले. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं. वेणी अर्धी राहिली. आई अजून पाटावरच बसल्या आहेत.