पुतळ्यासाठी दादाचं नाक

३ नोव्हेंबर, देवळी
शाळेसमोरच्या चौकात दादाचा पुतळा बसणार. नक्की झालं. एकाहत्तरच्या युद्धात त्याचं विमान पाडलं, तो परतलाच नाही. तेव्हा चोवीसचा. मी चौदाची, नागपूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलात. गावाला आत्ता आठवलं. उशीर झाला वगैरे मी म्हणणार नाही. समितीचे गजाननराव म्हणाले, "ताई, चेहऱ्याचं तुमीच पाहा. घरातलं दुसरं आता आहे कोन?" खरंच कोणी नाही. पाहीन. चेहरा चुकू देणार नाही.

७ नोव्हें.
मूर्तिकार सुधाकरकडे गेले. एरवी गणपती, दुर्गा करतो. शेडमध्ये दादा, छातीपर्यंत, मातीचा. आधी दारातूनच पाहिला. मग नीट पाहिलं. झुबकेदार मिशा!
"या कुठून आल्या?"
"गजाननराव म्हनले, फायटर पायलट बिनामिशीचा कसा शोभन?"
दादाला मिशी कधी धड आलीच नाही. एका सुट्टीत वाढवून आला होता. आई म्हणाली, ओठावरचं दूध पूस आधी.
पुतळ्याच्या मिशा उभ्या उभ्या काढायला लावल्या.

८ नोव्हें.
गजाननरावांचा फोन. "ताई, शाळेतले पोट्टे हसतीन ना!"
"हसू देत. तोही हसायचाच."
विषय संपला.

१२ नोव्हें.
सुधाकर अडलाय. दादाचे फोटो दोनच, दोन्ही समोरून. "ताई, बाजूनं नाक कसं होतं?"
डोळे मिटले. होस्टेलच्या भेटीच्या खोलीत दादा आलाय, दाराशी सिस्टर खुर्ची टाकून बसलेल्या. तो खिडकीकडे तोंड करून हळूच शीळ घालतो. सिस्टर इकडेतिकडे बघतात. मी हसू दाबतेय… शीळ स्वच्छ ऐकू आली. नाक काही दिसेना. फार वाईट वाटलं.
शेवटी म्हटलं, आई म्हणायची, दोघांचं नाक एकाच साच्यातलं.
"मंग बसा तुमीच."
चष्मा काढून, भिंतीकडे तोंड करून दुपारभर स्टुलावर.
"हालू नका ना ताई! तुमच्यापक्षा गनपती बरा."

१५ नोव्हें.
बाबारावांना नेलं. दादाचे वर्गमित्र, बाजारात कापडाचं दुकान. काठी टेकून पुतळ्याभोवती फिरले, पुन्हा बाजूला येऊन थांबले.
"शालू, हा वसंता नोहे."
"मग कोण?"
"तुही माय दिसून राह्यली."
सुधाकरचं तोंड उतरलं. मी चष्मा लावून पाहिलं. खरंच आई! नाक दिलं मी, पण या वयात ते माझं तरी कुठे राहिलंय? कधीचंच आईचं झालंय. मी हसतच सुटले. बाबारावांनी रुमाल काढला.

१६ नोव्हें.
सकाळीच सुधाकर फोनवर. "सोमवारी साचा घ्यायचा आहे ताई. मंग मले काई करता येनार नाई. नाक बदलू का राहू देऊ? गजाननराव तं खूश आहेत. म्हनतात, काय रुबाब आहे!"
रुबाब आईचाच. तिने दादाची वाट बघितली ती चौकाकडेच तोंड करून. आता तीच त्या चौकात उभी राहिली तर… पण मग दादा कुठे?
उद्या जाते पुन्हा. बाबारावांना बरोबर घेऊन, आणि या वेळी स्टुलावर मी बसणार नाही, आम्ही दोघं नुसतं दादाला आठवू. जमेल. सुधाकरला सांगितलं, तोवर माती ओली ठेव.